घारापुरीची लाँच आणि मोराबंदरचे ताट

गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला, म्हणजे एलिफंटा बेटाला, जाणाऱ्या लाँचविषयी जे काही वाचायला मिळते, त्यातील बहुतेक मजकूर लेण्यांपाशी सुरू होतो आणि लेण्यांपाशीच संपतो. हे परीक्षण त्या प्रवाससेवेचे आहे आणि बेटावरील मोराबंदर या गावात एका कुटुंबाने राहत्या घरात चालवलेल्या खानावळीचेही आहे, कारण एकीवाचून दुसरीचा नीट उपयोग होत नाही असे माझे मत झाले आहे. लेणी पाहून परत फिरणाऱ्यासाठी ही लाँच स्वस्त, नियमित आणि पुरेशी आहे. ज्याला बेट पाहायचे आहे, म्हणजे तिथली गावे, चिखलाचे किनारे, माणसे आणि त्यांच्या तोंडच्या कथा, त्याला मात्र ती जेट्टीवर उतरवून मोकळी होते. पुढचे काम त्या खानावळीने केले.

परतीसह तिकीट अडीचशे रुपयांच्या थोडे वर आहे आणि वरच्या डेकवर बसायचे असल्यास लाँच सुटल्यावर दहा रुपये वेगळे मोजावे लागतात. हे दहा रुपये वाचवू नयेत. खालच्या डेकवर इंजिनाची घरघर आणि डिझेलचा वास यांखेरीज फारसे काही मिळत नाही. वर बसले की सुमारे ११ किलोमीटरच्या आणि जवळपास तासाभराच्या प्रवासात मुंबई बंदराचा सगळा पसारा एकामागून एक समोर येत जातो. नौदलाच्या राखाडी नौका, नांगर टाकून जागच्या जागी फिरणारी मालवाहू जहाजे, तेलाच्या टाक्यांनी भरलेले जवाहर द्वीप, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचा घुमट, न्हावा शेवा बंदरातील क्रेनची रांग आणि २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या अटल सेतूची लांबच लांब रेघ हे सर्व एका तिकिटात दिसते. मुंबईत जन्म काढलेल्या माणसालाही हे शहर मुळात बंदर आहे, याची आठवण या तासाभरात होते. लोकलच्या डब्यात ती सहसा होत नाही.

हिवाळ्यात लाँचमागे सीगल पक्ष्यांचे थवे येतात. प्रवासी त्यांना गाठी आणि वेफर खायला घालतात, आणि त्यासाठीची पाकिटे विकणारा फेरीवाला लाँचवरच हजर असतो. पक्षी हातभर अंतरावर येऊन हवेतल्या हवेत तुकडा झेलतो तेव्हा त्याचा लाल पाय, चोचीचे टोक आणि आपल्यावर रोखलेला डोळा इतक्या जवळून दिसतो की लहान मुले किंचाळतात. हे दृश्य कितीही गमतीचे असले तरी तळलेले बेसन हे समुद्रपक्ष्याचे अन्न नव्हे आणि रिकामी पाकिटे शेवटी पाण्यातच जातात, हे तिथल्या कोणीतरी सांगायला हवे. लाँचवरील कर्मचारी ते सांगत नाहीत, उलट फोटोसाठी जागा करून देतात.

सुरक्षेबाबत माझी तक्रार याहून गंभीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरील प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून जी जीवितहानी झाली, त्यानंतर जीवरक्षक जाकिटांबद्दल बरीच कडक भाषा झाली होती. आमच्या वाट्याला आलेल्या लाँचवर जाकिटे होती, वाटलीही गेली. परंतु ती कशी बांधायची हे कोणी दाखवले नाही आणि किनारा दूर गेल्यावर अर्ध्याहून अधिक प्रवाशांनी ती काढून बाकावर उशीसारखी अंथरली. लहान मुलांच्या मापाची जाकिटे मागितल्यावर खालच्या कप्प्यातून काढून देण्यात आली. मागितली नसती तर मिळाली नसती, असा याचा सरळ अर्थ आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी लाँचवर पाय ठेवताच ती मागून घ्यावीत.

लाँच शेतबंदरच्या लांब जेट्टीला लागते. तेथून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, तिचे तिकीट किरकोळ असून ती मुलांसाठीच घ्यावी. मोठ्यांनी चालावे, कारण ओहोटी असेल तर जेट्टीच्या दोन्ही अंगांना उघडा पडलेला चिखल आणि त्यावर तुरुतुरु पळणारे खेकडे चालतानाच दिसतात. पायथ्याशी ग्रामपंचायतीचा प्रवासी कर भरला की सव्वाशेच्या आसपास पायऱ्या सुरू होतात. या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी निळ्या ताडपत्रीखाली दुकाने आहेत आणि त्यांत दगडी हत्ती, मण्यांच्या माळा, टोप्या असा सगळीकडे मिळणारा माल आहे. मात्र कैरी, बोरे आणि चिंचा घेऊन बसलेल्या बायका गावातल्या असतात. त्यांच्याकडून काही घ्यावे आणि हातातली पिशवी माकडांपासून जपावी.

लेण्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. भारतीयांना प्रवेश ४० रुपये आहे आणि सोमवारी लेणी बंद असतात. जागतिक वारसा यादीत १९८७ पासून नाव असलेल्या या स्थळी मुख्य लेण्यातील सुमारे १८ फूट उंचीच्या सदाशिवाच्या मूर्तीसमोर गर्दी जमते आणि बहुतेकजण तिच्याकडे पाठ करून फोटो काढून घेतात. मूर्तीच्या एका बाजूचा मिशांचा, हातात सर्प धरलेला उग्र चेहरा आणि दुसऱ्या बाजूचा, हाती कमळ असलेला सौम्य चेहरा हे आळीपाळीने पाहण्यासाठी थोडे बाजूला सरकावे लागते, आणि तेथे नेमकी जागा रिकामी असते. चार दारांच्या गाभाऱ्यातील शिवलिंगाकडे तर फारच थोडे लोक वळतात. महाशिवरात्रीला मात्र हे चित्र उलटे होते. त्या दिवशी उरणच्या बाजूने आणि मुंबईहूनही भाविक होड्यांनी येतात, आणि एरवी पुरातत्त्व खात्याच्या फलकांचे असलेले ते लेणे काही काळ पुन्हा देवाचे होते.

लेण्यांतून बाहेर पडल्यावर लाँचचा सर्व प्रवासीवर्ग त्याच पायऱ्यांनी खाली उतरतो, थंड पेय पितो आणि जेट्टीवर रांग लावतो. लाँचच्या वेळा, गाइडचे बोलणे आणि तिकिटामागचा मजकूर यांतून कोणालाही असेच वाटावे की बेट येथेच संपले. प्रत्यक्षात घारापुरीवर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत, ती रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडतात, आणि कुलाब्याहून नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या या बेटाचे सरकारी कामकाज मुंबईत होत नाही, तर खाडीपलीकडे उरणला होते. मोराबंदरकडे जाणाऱ्या वाटेवर एकही दिशादर्शक फलक मला दिसला नाही. विचारत विचारत जावे लागते, आणि ज्याला विचारावे तो आधी लेण्यांकडे बोट दाखवतो.

ही वाट या सहलीतील सर्वांत चांगला भाग आहे. बेटाला दोन डोंगर आहेत आणि त्यांच्या मध्ये घळ आहे. पश्चिमेच्या डोंगरात मुख्य लेणे आणि माथ्यावर ब्रिटिश काळातील तोफा, तर पूर्वेच्या डोंगरावर शिवलेण्यांच्या कितीतरी आधीच्या बौद्ध स्तूपाचे विटांचे अवशेष आहेत. घळीत अडवलेले धरणाचे पाणी आंबा, चिंच आणि करंजाच्या झाडीतून मधूनच चमकते. किनाऱ्याच्या बाजूला तिवरांची गच्च रांग आहे. तिवरांची टोकदार श्वासमुळे ओहोटीच्या चिखलातून बोटभर वर आलेली असतात, आणि त्यांच्यामध्ये निवट्या पोटावर सरपटत, मध्येच शेपटीच्या झटक्याने उडी मारत फिरताना दिसतात. पाण्याबाहेर चालणारा हा मासा ज्यांनी फक्त ताटात पाहिला आहे, त्यांनी येथे थोडा वेळ उभे राहावे. पलीकडे, खाडीच्या पाण्यावर, हजारो कंटेनर रचलेले बंदर रात्रंदिवस चालू असते. अशा दोन गोष्टी एकाच नजरेत मावणारी दुसरी जागा मला मुंबईच्या आसपास माहीत नाही.

खानावळ म्हणजे मोराबंदरातील एक साधे घर आहे. ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन टेबले, भिंतीवर एकवीरा आईचा फोटो आणि दाराशी वाळत घातलेले जाळे. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. आदल्या दिवशी फोन करून किती माणसे आणि मासळी खाणार की नाही एवढे सांगायचे असते. ज्या बाई हे चालवतात त्यांना सगळे मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणालो. मावशींनी आधी पाणी दिले आणि मग, आम्ही विचारण्याआधीच, ते बाटलीतले असल्याचे सांगितले. उन्हाळ्याच्या अखेरीस बेटावर पिण्याच्या पाण्याची ओढ लागते, आणि पाहुण्याला पाण्याची शंका येऊ नये याची काळजी या घराने आपणहून घेतलेली आहे.

ताटात त्या दिवशी निवट्यांचे कालवण, तळलेले बोंबील, सुक्या जवळ्याची कांदा घालून केलेली चटणी, तांदळाची भाकरी आणि भात होता. आमच्यातील शाकाहारी मंडळींसाठी वालाचे बिरडे होते आणि ते नावापुरते केलेले नव्हते. कडवे वाल नीट मोड आणून, सोलून, खोबऱ्याच्या वाटणात शिजवलेले होते आणि त्यांचा दाणा न् दाणा शाबूत राहिला होता. कालवणाची चव आगरी मसाल्याची होती, म्हणजे तिखट होती, पण घशाशी न बोचणारी. आंबटपणा चिंचेचा होता. निवटीचे मांस मऊ आणि थोडे गोडसर असते, आणि नीट साफ केली नाही तर तिला चिखलाचा वास येतो. येथे तो नव्हता. मावशींनी सांगितले की राख लावून, मग मिठाने चोळून तिचा सगळा बुळबुळीतपणा काढावा लागतो आणि या कामात सकाळ जाते. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून बिळात हात घालून त्या पकडायच्या, हे काम वेगळेच. त्यांच्या घरातला मुलगा त्या दिवशी सकाळीच जाऊन आला होता.

भाकरीविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे. मुंबईच्या बहुतेक मालवणी आणि आगरी हॉटेलांत तांदळाची भाकरी टेबलावर येईपर्यंत चिवट होते, कारण ती आधी करून ठेवलेली असते. मावशींनी आम्ही बसल्यावर पाण्याला आधण आणले, त्यात पीठ टाकून उकड काढली, ती हाताला चटके बसतील एवढी गरम असतानाच मळली आणि परातीत पाण्याचा हात लावत थापली. भाकरी तव्यावर गेल्यावर वरून पाण्याची बोटे फिरवली, ते पाणी सुकत आले की उलटली, आणि कडेने दाबत गेल्यावर ती टम्म फुगली. वाफ निघत असतानाच ती ताटात पडत होती. दुसरी नको म्हणताच, ‘आजून एक घ्या, भाकरी पातल हाय,’ असे म्हणून त्यांनी ती वाढलीच. पातळ होती हे खरे, परंतु तिसरीनंतर तो युक्तिवाद टिकत नाही.

मासळीच्या ताटाचे ४०० आणि शाकाहारी ताटाचे २५० रुपये झाले. पायथ्याच्या उपाहारगृहांत याहून कमी पैशांत पोट भरते, हे सांगितले पाहिजे; पण तेथील पदार्थ दादरला किंवा ठाण्याला मिळतात तेच आहेत. उणे काय, तर गोड काहीही नव्हते, मावशी एकट्याच रांधत असल्यामुळे शेवटच्या माणसाला ताट मिळेपर्यंत पहिल्याचे जेवण झाले होते, आणि मोठा गट घेऊन जाणाऱ्यांना ही गैरसोय नक्की जाणवेल. सहा माणसांच्या पुढे जाऊ नये, असे मी सुचवेन.

जेवण झाल्यावर घरातील आजोबा बाहेर येऊन बसले आणि या सेवेचा दरपत्रकात नसलेला भाग सुरू झाला. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे होऊन गेल्यावर आणि मुंबईचा झगमगाट पिढ्यान् पिढ्या समोर पाहिल्यावर. तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर चाले आणि त्यानंतर कंदील. आजोबांना याबद्दल कडवटपणा नव्हता. वीज आल्यावर पहिल्यांदा काय घेतले, असे विचारल्यावर त्यांनी आत बोट दाखवले. फ्रीज घेतला होता, आणि तो मासळीसाठी घेतला होता.

लेणी कोणी कोरली या प्रश्नाला त्यांचे उत्तर पांडव हे होते. कोकणातील बहुतेक कोरीव कामांना ही कथा चिकटलेली आहे, त्यामुळे ती ऐकून मला आश्चर्य वाटले नाही. परंतु या बेटाची स्वतःची अशी एक जुनी कथाही आहे, आणि ती सतराव्या शतकाच्या आरंभी दियोगु दु कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराने स्थानिक लोकांकडून ऐकून नोंदवली होती. तिच्यानुसार हे देवालय बाणासुर राजाने बांधले आणि त्याची कन्या उषा हिने या बेटावर एकांतवासात बराच काळ काढला. पुराणातील उषा स्वप्नात अनिरुद्धाला पाहते आणि तिची सखी चित्रलेखा चित्रे काढून त्याला शोधून देते, ही कथा आपल्याला परिचित आहे. चहूकडून पाणी असलेल्या या डोंगरावर राजकन्येला ठेवण्याची कल्पना लोकांना सुचली असेल तर ती चुकीच्या जागी सुचलेली नाही. याच बेटावर एकदा तीन तास सोन्याचा पाऊस पडला होता, असेही कोतुने नोंदवले आहे. आजोबांनी ही दुसरी गोष्ट ऐकून मान हलवली आणि आता कंटेनर पडतात म्हणाले.

इतिहासाची बाजूही कथेला फारशी दुबळी नाही. बदामीच्या चालुक्य पुलकेशीच्या ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी असे जिचे वर्णन आहे, ती पुरी नगरी म्हणजे घारापुरीच, असे काही अभ्यासक मानतात आणि काही राजापुरीच्या खाडीकडे बोट दाखवतात. बेटाच्या किनारपट्टीवर जुन्या विटांची बांधकामे आणि रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत, तेव्हा येथे मोठी ये-जा होती यात शंका नाही. लेण्याच्या दारावरील शिलालेख पोर्तुगिजांनी आपल्या राजाकडे पाठवला आणि तो पुढे हरवला, त्यामुळे खरे नाव सांगणारा दगडच उरला नाही आणि पांडव व बाणासुर यांना मोकळे रान मिळाले. ज्या दगडी हत्तीवरून युरोपीय लोकांनी बेटाला नाव दिले, तो राजबंदराच्या बाजूला उभा होता. १८१४ मध्ये त्याचे मुंडके गळून पडले, १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले, आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडून त्याला राणीच्या बागेत उभे करण्यात आले. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ तो आजही आहे. बेटावरच्या दुकानांत मात्र त्याच्या हजारो दगडी पिल्लांची विक्री चालू असते. हे सर्व जेट्टीवरच्या एखाद्या फलकावर मांडता आले असते. तिथे प्रवाशांसाठी असलेला फलक दर आणि सूचना यांचा आहे.

परतीच्या प्रवासात लाँचसेवेने जमवलेले गुण थोडे घालवले. तिकीट कोणत्याही परतीच्या फेरीला चालते, ही मोठी सोय आहे. पण दुपारी तीननंतर जेट्टीवर सावलीविना रांग लागते आणि लाँच भरल्याशिवाय सुटत नाही. आमच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांना टेकायलाही जागा नव्हती, आणि शेवटी एका विक्रेत्या बाईने आपला स्टूल त्यांना दिला. शेवटच्या फेरीची वेळ साधारण साडेपाचच्या आसपास असते, तरी ती ऋतू आणि गर्दी यांप्रमाणे बदलते, म्हणून उतरल्या उतरल्या विचारून ठेवावी. ती चुकली तर बेटावर पर्यटकांसाठी मुक्कामाची सोय गृहीत धरता येत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये खानावळीला आगाऊ सांगून ठेवण्यात अर्थ नाही. मावशी त्या दिवसांत स्वतःच नाही म्हणतात.

मोराबंदरला जायचे असल्यास सकाळी नऊच्या सुमारास सुटणारी पहिली लाँच पकडावी, लेणी ऊन चढण्याआधी पाहून घ्यावीत आणि साडेअकरापर्यंत गावाची वाट धरावी. ओहोटीची वेळ आधी पाहून गेल्यास चिखल, खेकडे आणि निवट्या यांची भेट होते. भरतीला वाटेवर नुसते पाणी दिसते. खानावळीचा नंबर येथे देत नाही, कारण त्या घराने तो मागणाऱ्यालाच द्यायचा असे ठरवलेले आहे. पायऱ्यांवर कैऱ्या विकणाऱ्या कोणत्याही बाईला मोराबंदरच्या मावशींबद्दल विचारले तर तो मिळतो. मोबाइलला तिथे रेंज तुटक असते, ऑनलाइन पैसे पाठवताना अडचण येते, तेव्हा सुटे पैसे खिशात ठेवावेत.